न चाललेले अकरा किलोमीटर

ज्या अनुभवासाठी वर्षभर लोक माझ्या पाया पडले, तो अनुभव मला आलेलाच नव्हता. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता ते कागदावर उतरलंच आहे तर पुढचंही लिहून टाकते, कारण परवा आमची गाडी आहे आणि हे पोटात ठेवून मला पुन्हा नर्मदामैयाच्या काठावर उभं राहायचं नाही. वाचणाऱ्यांनी मला नावं ठेवली तरी चालतील, माझी स्वतःला ठेवून झाली आहेत.

पेठ वडगावात आमचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कांडपाचं मशीन. तीस वर्षं मी त्या धाडधाड आवाजात काढली. तिथं साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं, त्यामुळं माझा आवाज चढा आणि जीभ तिखट, असं आमचे हे म्हणतात. चार वर्षांपूर्वी आम्ही नऊ जणांनी नर्मदा परिक्रमा टप्प्याटप्प्यानं करायचं ठरवलं. सगळी परिक्रमा एका दमात पायी करायची तर चार-पाच महिने पाहिजेत. घरदार, जनावरं, दुकानं सोडून तेवढे दिवस कोण जाणार? म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की पंधरा दिवस चालायचं, घरी यायचं, आणि पुढच्या वर्षी जिथं थांबलो तिथूनच पुढं निघायचं. मधलं एक पाऊलही सोडायचं नाही. आमचे म्होरके हायस्कुलातून निवृत्त झालेले एक सर आहेत, माणूस अगदी मऊ. नियमांच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा मीच कडक होते. कुणी पहाटे उठायला उशीर केला, कुणी थोडं अंतर रिक्षानं जाऊ म्हणालं, की माझा पट्टा सुरू व्हायचा.

आमच्यात माझी नणंद शकू होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चौथीत होती आणि तिच्या वेण्या मीच घालायचे. आता तिलाही सून आली आहे. जोतिबाच्या डोंगराखाली एका वाडीत ती राहते, चार म्हशी सांभाळते. परिक्रमेचं वेड खरं तर तिचं, मी तिच्यामागून नाव घातलं. गेल्या वर्षी नेमावरच्या चार दिवस अलीकडे एका आश्रमात आम्ही मुक्कामाला पोचलो तेव्हा तिचा गुडघा टरटरून सुजला होता. संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले असताना ती हळूच म्हणाली, "सर, उद्याच्या एक दिवस मी गाडीनं पुढं येऊ काय? परवापास्नं चालते की." सर काही बोलायच्या आत मी बोलले. "गाडीतनंच फिरायचं हुतं तर घरात बसून टीव्हीवर बघायची हुतीस की परिक्रमा. आमच्या नियमाला कशाला बट्टा लावतीस?" आश्रमातली माणसंही वळून बघायला लागली. शकूचे डोळे भरले. ती एवढंच म्हणाली, "खरं हाय वैनी. खोटं चालण्यापरास मी घरी जाते." सरांनी, बाकीच्यांनी तिची समजूत घातली, पण ती थांबली ती थांबलीच. सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी दुपारी माझ्या टाचेचा फोड फुटला. मोजा रक्तानं चिकटला, पाऊल टेकवेना. पण आदल्या संध्याकाळचं माझं भाषण सगळ्यांच्या कानात ताजं होतं, कुठल्या तोंडानं सांगणार? "तुम्ही काठानं व्हा पुढं, मी जपाच्या लयीत येते," असं म्हणून मी मागं राहिले. ते दिसेनासे झाल्यावर काठ सोडून वरच्या रस्त्याला लागले आणि एका मोरीच्या कठड्यावर बसून रडले. थोड्या वेळानं सिमेंटची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याच्या केसांवर, भुवयांवर सिमेंट बसलेलं. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, ट्रॅक्टर थांबवला आणि म्हणाला, "माताजी, बैठ जाइए." मी मागंपुढं बघितलं. कुणी नव्हतं. मी चढले आणि त्याच्या शेजारी बसले. अकरा किलोमीटर. वाटेत त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, खड्डा आला की वेग कमी केला. मुक्कामाच्या गावाच्या अलीकडं मी त्याला थांबायला लावलं, कुणाला दिसू नये म्हणून. तो "नर्मदे हर" म्हणाला आणि गेला. मी उरलेली वाट लंगडत चालले आणि धर्मशाळेच्या ओट्यावर जाऊन बसले.

बाकीचे दीड तासानं पोचले. मला बघून सर तर थक्कच झाले. "वहिनी, तुम्ही मागं होता ना? आमच्या पुढं कशा काय आलात?" इथं मला खरं सांगता आलं असतं. लाज वाटली असती, चार माणसं हसली असती, विषय संपला असता. मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय सांगू सर, पाऊल उचलत नव्हतं. कसं झालं मलाच कळलं नाही. मैयानं आणलं."  मग एकीनं वाकून माझ्या पायाला हात लावला, त्याच टाचेला.

वडगावात परतल्यावर ही गोष्ट माझ्या आधी घरोघरी पोचली होती. भजनी मंडळात सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, डंकावर मिरच्या घेऊन येणाऱ्या बायका मशीन बंद करायला लावून ऐकायच्या. दर वेळी मी ती थोडी अजून बरी सांगायला शिकले. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलं. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉलमध्येही मला बोलावलं, तिथं शाल-नारळ दिला. शकू संक्रांतीला माहेरी आली. आमचे हे तिच्यासमोरच मला म्हणाले, "सांग की तिला, मैयानं कसं आणलं ते." मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "चहा टाकू काय वैनी?"

दसऱ्यानंतर यंदाच्या टप्प्याची तयारी सुरू झाली. बूट अर्ध्या नंबरानं मोठे घेतले, दोन-दोन मोज्यांची सवय केली, सॅकमध्ये सात किलो मिरची भरून रोज पहाटे हायवेपर्यंत जाऊन येऊ लागले. पाय तयार होत होते, पण सॅक पाठीवर चढवली की मनात एकच हिशेब सुरू व्हायचा. गेल्या वर्षीचा टप्पा नेमावरला संपला होता, यंदा तिथून पुढं जायचं, पण मी नेमावरपर्यंत चालत गेलेच नव्हते. मग मी निघणार कुठून? मधले अकरा किलोमीटर तसेच पडून होते. एका रविवारी सरांनी सगळ्यांच्या वह्या मागवल्या. परिक्रमावासी वाटेतल्या गावांतून, आश्रमांतून वहीवर शिक्के घेतात. माझ्या वहीत काठावरच्या एका गावाचा शिक्का नव्हता, बाकी सातही जणांच्या वहीत होता. सरांचं बोट त्या जागेवर थांबलं. सर हसले आणि म्हणाले, "मैयानं उचलून आणलं, मग शिक्का कुठला मिळणार!" सगळ्यांनी "नर्मदे हर" केलं. यंदा प्रथमच येणाऱ्या एक बाई तर म्हणाल्या, तुमची गोष्ट ऐकूनच मी नाव घातलं. निघण्याच्या आधीच्या रविवारी मंदिरात निरोपाचा कार्यक्रम होता, तिथं हा अनुभव मीच सांगायचा असंही ठरलं. शकूला फोन केला होता, पण ती येत नाही म्हणाली, असं सरांनी सांगितलं. कारण मला विचारायची हिंमत झाली नाही. मला वाटलं मला ठाऊकच आहे.

सरावाचा शेवटचा मोठा टप्पा म्हणून मी एकटीच भरल्या सॅकनं जोतिबाला चालत निघाले. सादळे-मादळेचा घाट मला जवळचा, पण त्या घाटाच्या पायथ्याला शकूची वाडी आहे. म्हणून मी गिरोलीच्या बाजूची लांबची वाट धरली. एवढी मोठी बाई, नणंदेचं घर चुकवायला डोंगराला वळसा घालते! दर्शन झालं, देवासमोर उभी राहिले, पण मागायला काही सुचेना. खोटं पचू दे, असं देवाला कसं म्हणायचं? परतताना गिरोलीकडं उतरायच्या आधीच उजव्या पोटरीत गोळा आला. पाय लाकडासारखा झाला. रस्त्याच्या कडेला बसले, दाबून पाहिलं, उठले, पुन्हा बसले. ऊन कलायला लागलं होतं.

दुधाचे कॅन भरलेला एक टेम्पो शेजारी थांबला. चालवणारा पन्नाशीचा, गालात तंबाखू, टोपी मागं सारलेली. "मावशी, काय झालं? बसा की." मी म्हणाले, "नको, मी चालत निघालीया." "नवस हाय व्हय?" "नवस न्हाय, सराव हाय." तो माझ्याकडं बघतच राहिला. "सराव? चालायचा? दोन पाय दिल्यात की देवानं, त्येला आणि कसला सराव?" मला चिडावंसं वाटलं, पण पोटरी चिडू देईना. त्यानं खाली उतरून माझी सॅक उचलली, "ह्यात काय दगडं भरल्यात काय," म्हणत पुढं ठेवली आणि मला हात दिला. मी बसले. पुन्हा एकदा कुणाच्या तरी गाडीत बसले, हे मला तेव्हाच जाणवलं.

वाटेत त्यानं विचारपूस केली. परिक्रमेचं ऐकल्यावर टेम्पोचा वेग कमी झाला. म्हणाला, "आमच्या आईला लई इच्छा हुती. आता दोन वर्सं झाली, अंथरुणाला खिळलीया. तिथला येखादा अनुभव सांगा की, आज घरी गेलो की तिला सांगतो. बरं वाटंल म्हातारीला." माझं तोंड आपोआप सुरू झालं. सराव होता ना. टाच कशी फुटली, जंगल कसं होतं, मी एकटी कशी मागं राहिले. आणि जिथं आवाज खाली आणायचा तिथं आणला, डोळे मिटले, आणि पुढचे दोन शब्द बाहेर येईनात. एक म्हातारी कुठल्या तरी घरात पडून आहे, ती हे ऐकून हात जोडणार, हेच डोळ्यांसमोर आलं. तो म्हणाला, "मग? पुढं?" मी सांगून टाकलं. ट्रॅक्टर, सिमेंट, शकू, ओसरी, शाल-नारळ, सगळं. एका अनोळखी माणसाला, तेही हुंदके देत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीतून थुंकून म्हणाला, "मंजे ट्रॅक्टरवाल्यानं आणलं." मी मान हलवली. "आणि नणंदंला सांगितलं न्हाय अजून?" "न्हाय." त्यानं गिअर बदलला. "मग आईला काय सांगू मी आता?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

रडण्याच्या नादात टेम्पो कुठल्या रस्त्यानं चालला आहे याच्याकडं माझं लक्ष नव्हतं. मान वर केली तर आम्ही सादळे-मादळेचा घाट उतरत होतो.  "इकडनं का आलासा?" "आज ह्या लायनीचा माणूस सुट्टीवर हाय, त्येचं दूध बी मलाच घ्यायचंय. खालच्या वाडीत डेअरीवर पाच मिंटं थांबू, मग वडगाव फाट्याला सोडतो." मी त्याला नणंदेचं गाव सांगितलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते, पण यापुढं यातून काही सिद्ध करायला जाणार नाही.

डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची रांग होती. शकू रांगेत होती, हातात कॅन, डोक्यावर पदर. मी काय केलं असेल? सीटवर खाली सरकले आणि पदर तोंडावर ओढला. वर्षभर लोकांसमोर अनुभव सांगणाऱ्या बाईची हिंमत एवढीच होती. चालवणारा उतरला आणि रांगेकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "ओ अक्का, जरा पाणी द्या की कुणीतरी. गाडीत एक मावशी हाईत, पाय वळलाय त्यांचा." आणि रांगेतल्या सात-आठ बायकांतून शकूच पुढं झाली. तांब्या घेऊन आली, दार उघडलं, माझा पदर बाजूला केला. "वैनी?" एवढंच म्हणाली. मग मला धरून खाली उतरवलं, डेअरीच्या पायरीवर बसवलं, माझा बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली. तिचा सुजरा गुडघा एका बाजूला तसाच ताठ ठेवलेला. मला ते बघवेना.

"शकू, मी त्या दिवशी गाडीत बसले हुते," मी म्हणाले. तिचा हात थांबला नाही. "ट्रॅक्टर," ती म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुला कुणी सांगितलं?" "त्यो आश्रमाच्या गावचाच हुता की, आणि मी त्या दिवशी तिथंच हुते. सांजचं माघारी आला, सगळ्यांना खुशीत सांगत हुता. म्हणला, काल ज्या माताजी ओसरीवर वरडत हुत्या, त्यांची सेवा घडली आज. त्येच्या बायकोनंच माझ्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधलं हुतं."

 म्हणजे संक्रांतीला मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगत होते तेव्हा तिला सगळं माहीत होतं. वर्षभर तिनं कुणाजवळ, भावाजवळसुद्धा, अवाक्षर काढलं नव्हतं. मी म्हणाले, "मग तू यंदा येत न्हाईस ती माझ्यावर रागावूनच ना?" शकूनं माझ्या पायाचा अंगठा धरून ताणला. "राग आलाच हुता की. खोटं कशाला बोलू? पण माझं तोंड बी तुझ्याच घरातलं, चिडलं की थांबत न्हाय. पंधरा दिस संगं चालायचं, येखाद्या दिवशी तू परत काय बोललीस तर माझ्या तोंडातनं निघून गेलं असतं, सगळ्यांच्या म्होरं. तुझं काय राहिलं असतं मग? म्हणून म्हटलं, आपण घरातच बरं."

मी त्या पायरीवर मोठ्यानं रडले. बायका दूध घालायचं सोडून बघत होत्या. मी चार माणसांत तिची लाज काढली होती, आणि माझी लाज चार माणसांत जाऊ नये म्हणून तिनं आपली परिक्रमा सोडली होती, जी मुळात तिच्या मनातली होती. मला कुणी झोडपलं असतं तर सोसलं असतं. हे सोसवेना. मी तिचे पाय धरायला वाकले तर ती ओरडली, "अगं वैनी, पोटरी! हलू नगंस!" एवढ्यात टेम्पोवाला कॅन चढवून आला, माझी सॅक त्यानं पायरीवर आणून ठेवली. जाताना मी त्याला म्हणाले, "आईला सगळं सांगा. जसं घडलं तसं सांगा." तो म्हणाला, "सांगतो की. हेच बरं हाय." दुसऱ्या दिवशी मी डेअरीवर चौकशी केली. त्याचं नाव, गाव सगळं कळलं, माणूस खराखुरा आहे हे ऐकून मला केवढा दिलासा वाटला!

निरोपाच्या कार्यक्रमात मी उभी राहिले आणि ही सगळी हकीकत सांगितली.  शकू पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती. कुणी टाळी वाजवली नाही. एकदोघं उठून गेले, आणि ते बरोबरच होतं. ज्या बाईंनी माझी गोष्ट ऐकून नाव घातलं होतं त्यांनी विचारलं, "मग मी येऊ का नको?" मी म्हणाले, "या. पण माझ्यावर विसंबून येऊ नका." सर बराच वेळ चष्मा पुसत होते. शेवटी म्हणाले, "शिक्का राहिलाय तो आणावा लागेल, वहिनी." एवढंच. म्हणून मी आणि शकू बाकीच्यांच्या पाच दिवस आधी निघतो आहोत, जिथं ती थांबली त्या आश्रमापासून. तिचा गुडघा म्हणेल तेवढंच चालायचं ठरलं आहे. नाहीच जमलं तर गाडीत बसू, आणि बसलो असं सांगू.

या दिवसांत मी एकाच गोष्टीचा विचार करते. मी खोटं बोलले याची लाज आहेच, ती जाईल असं वाटत नाही. पण त्याहून मोठी चूक मला फार उशिरा कळली. रस्त्याच्या कडेला, एकटी, रक्ताळलेल्या पायानं बसलेल्या आणि आदल्या दिवशीच दुसरीचं मन मोडून आलेल्या बाईसाठी मैयानं खरंच कुणाला तरी पाठवलं होतं. कृपा झाली होती. ती सिमेंटच्या धुळीत माखून आली होती आणि माझ्याजवळ थांबली होती. मी चमत्काराच्या हव्यासापायी त्याच माणसाला गोष्टीतून पुसून टाकलं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मी समजत होते. आता वाटतं, जो हात पुढं येतो तो उघड्या डोळ्यांनी धरावा आणि कुणाचा होता ते लोकांना सांगावं. मला मैयानं दोनदा उचललं, दोन्ही वेळा मी पात्र नव्हते. तिच्या पायाशी एवढंच म्हणायचं आहे.

काल सॅक भरताना मी शकूला विचारलं, "त्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव काय गं?" ती म्हणाली, "रामदीन. तुला ठावं न्हाय?" अकरा किलोमीटर मी त्याच्या शेजारी बसले होते, त्याचं पाणी प्याले होते. मी विचारलंच नव्हतं.